युरो, ओटीपी आणि एकोणऐंशी

परदेशी निघालेल्या माणसाला सल्ले द्यायला अख्खी सोसायटी हजर असते. कुकर ने. कुकरची जास्तीची शिट्टी ने. हिंग विसरू नकोस, तिकडे मिळत नाही (मिळतो). थर्मल आतून घाल. मलाही निघताना हे सगळं मिळालं आणि मी ते २३ किलोच्या दोन बॅगांत इमानेइतबारे कोंबलं. फक्त एक गोष्ट कुणी सांगितली नाही, आणि मलाही सुचली नाही. ती म्हणजे, बाबा रे, तुझ्या पुण्यातल्या खात्यात जे पैसे आहेत ते तुला तिकडे गेल्यावर मिळणार कसे?

प्रश्न मूर्खपणाचा वाटतो ना? मलाही वाटला असता. सात वर्षं सॉफ्टवेअरमध्ये घालवलेला माणूस मी. चहाचे दहा रुपयेसुद्धा फोनने देणारा. पैसे म्हणजे आकडे, आकडे म्हणजे डेटा, आणि डेटा जगात कुठूनही कुठेही जातो, अशी माझी भाबडी समजूत होती. ती म्युनिकमध्ये साधारण दोन आठवड्यांत धुऊन निघाली.

झालं असं. २०२५च्या सप्टेंबरच्या मध्याला मी इथे नोकरीला आलो. आता सप्टेंबरच्या मध्याला म्युनिकमध्ये येणं म्हणजे गणपतीत लालबागला खोली शोधायला जाण्यासारखं आहे. ऑक्टोबरफेस्ट नावाचा बिअरचा महाउत्सव (नाव ऑक्टोबर, सुरू होतो सप्टेंबरात) तोंडावर होता आणि बरी-वाईट प्रत्येक खोली सोन्याच्या भावाने जात होती. कार्डावर १,५०० युरो आणि खिशात ५०० रोख घेऊन आलो होतो. पहिला पगार येईपर्यंत आरामात पुरतील असा एक्सेल शीटमध्ये हिशेब होता. पण सप्टेंबरच्या पगाराची यादी मी येण्याआधीच बंद झाली होती. म्हणजे पहिला पगार थेट ऑक्टोबरअखेर. तोवर दीड महिना.

त्यातच नशिबाने एक घर मिळालं. एक खोली, स्वयंपाकाचा कोपरा, खिडकीतून दिसणारी ट्राम. म्युनिकमध्ये घर मिळणं ही स्थळ जमण्यासारखी गोष्ट आहे, समोरच्याने होकार दिला की मागे-पुढे बघायचं नसतं. मूळ भाडं ९०० युरो, हीटिंग वगैरे धरून १,१००, आणि अनामत तीन महिन्यांची, म्हणजे २,७००. एकूण ३,८०० युरो, आठवड्याभरात. नाहीतर रांगेत पुढचा उभाच होता.

पुण्याच्या खात्यात माझे स्वतःचे चार लाख होते. कष्टाचे, पांढरेशुभ्र, फॉर्म सोळासकट. तर म्हटलं, काढू की.

एटीएमचं प्रेम

(पुढचे सगळे आकडे सोपे जावेत म्हणून एक युरो बरोबर १०० रुपये धरून सांगतो. तेव्हा भाव त्याहून थोडा वरच होता, पण प्रमाण तेच.)

स्टेशनवरच्या एटीएममध्ये पुण्याचं डेबिट कार्ड घातलं. २०० युरो मागितले. मशीनने अत्यंत अदबीने विचारलं की, आपल्याला रक्कम आपल्या चलनात हवी का? म्हणजे भारतीय रुपयांत खात्यातून वळती करू का? आणि पडद्यावर चक्क रुपयाचं चिन्ह आलं. दहा दिवस कुणी ओळखीचं भेटलं नव्हतं हो. त्या चिन्हाकडे बघून ऊर भरून आला आणि मी 'हो' दाबलं.

खात्यातून २२,००० गेले. वर माझ्या बँकेचं परदेशी एटीएमचं शुल्क १५० रुपये आणि त्यावर जीएसटी २७. म्हणजे वीस हजारांच्या नोटांसाठी २,१७७ रुपये जादा. पावतीवर 'शुल्क' या रकान्यात काय होतं माहितीये? शून्य. मशीनने फी घेतलीच नव्हती. तिने फक्त युरोचा भाव ११० लावला होता.

या प्रकाराला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. नाव एखाद्या डिझाइन पॅटर्नसारखं, काम वाटमारीचं. तुमच्या चलनात आकडा दाखवायचा, तुम्हाला बरं वाटू द्यायचं, आणि त्या बरं वाटण्याची किंमत भावात मिसळायची. हे दुकानातल्या कार्डमशीनवरही विचारतात. उत्तर नेहमी एकच. ज्या देशात उभे आहात तिथल्या चलनात. युरोच्या देशात युरो. रुपया दिसला की ऊर भरून येऊ द्यायचा आणि 'नको' दाबायचं.

शहाणा होऊन पुढचे चार वेळा मी युरोतच काढले. आता हिशेब असा. २०० युरोचे २०,०००. माझ्या कार्डाचा परकीय चलनाचा मार्कअप साडेतीन टक्के, म्हणजे ७००. त्या ७०० वर १८ टक्के जीएसटी, १२६. एटीएमचं शुल्क जीएसटीसकट १७७. एकूण २१,००३. म्हणजे दर वेळी पाच टक्के गेले. शिवाय चारपैकी दोन मशीननी स्वतःचे पाच-पाच युरो वेगळे मागितले. (ते निदान प्रामाणिकपणे पडद्यावर आधी सांगतात. दुसरं मशीन शोधायला चाललो असतो तर वाचले असते. पण पाऊस होता आणि मी आळशी आहे.)

एकूण १,००० युरो काढायला ७,१८९ रुपये लागले. सात टक्क्यांच्या वर. माझेच पैसे, माझ्याच खात्यातून, मलाच द्यायला.

सहाव्या वेळी मशीनने कार्ड परत दिलं, पैसे दिले नाहीत. चार दिवसांत परदेशात पाच वेळा रोख काढणारा इसम म्हणजे नक्की चोर, असा माझ्या बँकेच्या संगणकाने निष्कर्ष काढला होता. त्याची काही चूक नाही, तो नियम मी लिहिला असता तरी असाच लिहिला असता. कार्ड पुन्हा चालू करायला ॲपमध्ये जायचं, एक ओटीपी टाकायचा, झालं.

ओटीपी कुठे येणार? माझ्या भारतातल्या नंबरवर. ते सिम कुठे होतं? पुण्यात, माझ्या टेबलाच्या खणात, जुन्या हेडफोनच्या गुंत्याखाली.

एकोणऐंशी

बाबांना फोन लावला. त्यांनी खण उपसला, सिम शोधलं, आपल्या जुन्या बटणांच्या फोनमध्ये घातलं. एवढं करायला पाऊण तास. मग सुरू झाला खरा कार्यक्रम. मी इकडे बटण दाबायचं, तिकडे फोन टुंग करायचा, आणि बाबांनी व्हॉट्सॲप कॉलवर आकडा वाचायचा.

बाबा पाटबंधारे खात्यातून हिशेबनीस म्हणून निवृत्त झाले. त्यांनी आयुष्यात सहा आकडे कधी सुटेसुटे वाचलेले नाहीत. ते म्हणाले, "लिही. सदुसष्ट, एकोणऐंशी, त्रेचाळीस."

आता मी पाचवीपासून इंग्रजी माध्यमातला. सदुसष्टपर्यंत ठीक होतं. एकोणऐंशी म्हणजे ऐंशीच्या अलीकडचा की पलीकडचा, यावर डोक्यात एक गोल फिरायला लागला, बफरिंगवाला. घाईघाईने एकोणनव्वद टाकला. चूक. पुन्हा मागवला. या वेळी बाबांचा आवाज मध्येच तुटला. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "बाबा, एकेक आकडा सांगा ना, इंग्लिशमध्ये." ते म्हणाले, "सांगतो की, पण चष्मा..." आणि वेळ संपली. तीन चुकांनंतर ॲपने मला चोवीस तासांसाठी बाहेर काढलं.

फोनवर क्षणभर शांतता. मग बाबा म्हणाले, "अरे, पण त्या मेसेजच्या खाली लिहिलंय की हा आकडा कुणालाही सांगू नका."

हे मात्र खरं आहे. विनोद सोडून सांगतो, ओटीपी दुसऱ्याला वाचायला लावणं ही वाईटच सवय. आणि ही सगळी वरात टाळता आली असती. निघण्याआधी सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून ते दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून आणायचं, आणि किमान रिचार्ज चालू ठेवायचा, म्हणजे मेसेज येतात. किंवा बँकेला परदेशी नंबर नोंदवायला सांगायचं. यूपीआयचंही तसंच. अनिवासी खात्यांना परदेशी नंबरवर यूपीआय द्यायला जानेवारी २०२३ मध्ये परवानगी मिळाली, पण ती दहा देशांच्या नंबरांना, आणि त्या दहांत जर्मनी नव्हता. म्हणजे ज्या यूपीआयच्या जिवावर आपण उड्या मारतो ते विमानात बसल्यावर उतरून जाऊ शकतं.

मी कोण?

चोवीस तासांनी (या वेळी आईने ओटीपी वाचला, एकेक आकडा, संथ, पसायदान म्हणावं तसा) आत शिरलो. म्हटलं आता एटीएमचा नाद नको. नेटबँकिंगवरून सरळ माझ्या इथल्या नव्या खात्यात युरो पाठवू. तशी सोय दिसत होती. लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम, म्हणजे एलआरएस. रिझर्व्ह बँकेने २००४ मध्ये आणलेली. आज तिच्यातून वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. माझी गरज त्यापुढे म्हणजे चणे-फुटाणे.

फॉर्म भरत गेलो. शेवटी एक चौकट होती. 'मी भारताचा निवासी आहे' असं जाहीर करा.

हात थांबला. आहे का मी?

मग दोन तास वाचन केलं. आयकर खातं तुम्ही किती दिवस देशात होता ते मोजतं. पण परकीय चलनाचा कायदा, फेमा, हेतू बघतो. नोकरीसाठी देश सोडलात की त्याच्या लेखी तुम्ही अनिवासी, मग पासपोर्टवरची शाई अजून ओली का असेना. आणि एलआरएस फक्त निवासींसाठी आहे. अनिवासी माणसाने आपलं साधं बचत खातं एनआरओ म्हणजे अनिवासी खात्यात बदलून घ्यायचं असतं. मी ते केलेलं नव्हतं. आमच्या ऑफिसातल्या अर्ध्या लोकांनी वर्षानुवर्षं केलेलं नाही हे मला माहीत होतं, पण चौकटीत खोटी टिक करायची माझी छाती झाली नाही. आणि खातं बदलायचं तर कागद, सह्या, पासपोर्टच्या साक्षांकित प्रती, कुरियर, तीन आठवडे. घरमालक पाच दिवस थांबणार होता.

म्हणजे पैसे माझे होते. पण ज्या 'मी'चे होते तो पुण्यात राहत होता आणि मी म्युनिकमध्ये.

फुकटचा रस्ता

अशा वेळी तारणहार भेटतातच. इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवरचा एक जण म्हणाला, "एवढा काय विचार करतोस? मला भारतात पैसे पाठवायचेच आहेत. मी तुला इथे ३,००० युरो देतो, तू माझ्या मावसभावाच्या खात्यात तीन लाख टाक. भाव गूगलवर दिसतो तोच. ना फी, ना टॅक्स."

खरं सांगतो, मोह झाला. गणिताच्या दृष्टीने यापेक्षा स्वस्त काहीच नाही. शून्य टक्के. आणि किती सरळ दिसतं, दोन मित्रांची देवाणघेवाण. दोन वाक्यांत सांगितलं तर त्यात वावगं काय तेच कळत नाही.

बाबांना सांगितलं. ते लगेच रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "त्या मावसभावाने उद्या विचारलं की हे तीन लाख कुणाचे, तर तो काय दाखवेल? आणि तुला विचारलं की हे युरो कुठून आले, तर तू काय दाखवशील?" मी म्हटलं, चॅट आहे ना. ते म्हणाले, "पावती नसलेला पैसा घरात आणू नकोस."

बाबांची भाषा सोडून कायद्याची बोलायची तर, अधिकृत बँकेला किंवा परवानाधारकाला वगळून असा अदलाबदलीचा व्यवहार करायला फेमाची मनाई आहे. याचं जुनं नाव हवाला. आपण मित्र असलो आणि ॲप वापरलं म्हणून नाव बदलत नाही. शिवाय समोरच्या साखळीत कुठे फसवणुकीचा पैसा फिरत असेल तर पोलीस त्या साखळीतली सगळी खाती गोठवतात, तुमचंही. तेव्हा शून्य टक्क्यांचा भाव अचानक शंभर टक्के होतो.

मी नको म्हटलं. थोडं जिवावर येऊनच.

बँकेत बाबा

मग जे मला करायचं नव्हतं तेच झालं. "बाबा, यापुढे तुमच्याकडून एक पैसा घेणार नाही," असं विमानतळावर जरा मोठ्यानेच म्हणून आलो होतो. बाबा म्हणाले, "मी निवासी आहे ना? मग मी पाठवतो. तू तुझं खातं नीट करून घे, मग बघू."

परदेशातल्या जवळच्या नातेवाइकाच्या निर्वाहासाठी निवासी माणूस एलआरएसखाली पैसे पाठवू शकतो. पॅन लागतो आणि ए-टू नावाचा एक फॉर्म. वर्षात दहा लाखांपर्यंत त्यावर टीसीएसही नाही (ही मर्यादा एप्रिल २०२५ पासूनची, आधी सात लाख होती). बाबा आपल्या नेहमीच्या शाखेत गेले, पिशवीत चार फोटोकॉप्या घेऊन. आणि तिथे त्यांनी जे केलं ते मला माझ्या सगळ्या ॲपांसकट सुचलं नव्हतं.

काउंटरवरच्या मुलीने भाव सांगितला. आपल्या हिशेबात १०१ रुपये ५० पैसे. बाबांनी विचारलं, "पेपरात तर शंभर आहे." ती म्हणाली, "काका, तो वेगळा असतो." बाबा म्हणाले, "बरोबर. मग तुमच्या कारखानदार गिऱ्हाइकाला तुम्ही किती लावता?"

मंडईत तीस वर्षं कोथिंबिरीच्या जुडीवर घासाघीस केलेला माणूस. त्याला परकीय चलनाचं काय कौतुक! ती मुलगी आत मॅनेजरकडे गेली, मॅनेजरने कुठे फोन केला, आणि भाव १०१ रुपये १० पैसे झाला. ४० पैसे. ३,००० युरोंवर १,२०० रुपये. मला त्या दिवशी कळलं की बँकेचा फलकावरचा भाव हा बऱ्याचदा नुसता पहिला भाव असतो. विचारलं तर उतरतो. विचारत कुणी नाही.

हिशेब असा पडला. भावातला फरक ३,३०० रुपये. पाठवण्याची फी १,००० आणि त्यावर जीएसटी १८०. चलन बदलाच्या सेवेवर वेगळा जीएसटी, जो रकमेच्या टप्प्यांवर ठरतो, तो ३६३. आणि मध्ये एका तिसऱ्याच बँकेने १५ युरो कापून घेतले, म्हणून माझ्या खात्यात २,९८५ आले. (फॉर्मवर 'सगळे आकार पाठवणाऱ्याकडून' असा पर्याय असतो. तो निवडला असता तर पूर्ण आले असते. बाबांना त्याची चुटपुट अजून आहे.) एकूण ६,३४३ रुपये, ३,००० युरोंवर. दोन टक्क्यांच्या जरा वर.

मी सात टक्के दिले. बाबांनी, ज्यांनी आयुष्यात नेपाळची सीमाही ओलांडली नाही, दोन टक्के.

घर मिळालं. गंमत म्हणजे सामान लावून झाल्यावर ऑफिसातल्या एका जर्मन सहकाऱ्याने सहज विचारलं, "अनामत तीन हप्त्यांत दिलीस ना?" इथला कायदाच तसा आहे. अनामत तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे, पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना. म्हणजे मला तेव्हा ३,८०० लागतच नव्हते, ९०० अधिक १,१००, असे २,००० पुरले असते. पैसे स्वस्तात मागवायच्या नादात मी हे विचारलंच नव्हतं की मुळात किती लागतात.

वहीतली ओळ

नोव्हेंबरात खातं रीतसर एनआरओ झालं. बचतीसाठी एनआरई वेगळं उघडलं. फरक थोडक्यात सांगतो. एनआरओ म्हणजे भारतात मिळालेला किंवा आधीचा पैसा. भाडं, व्याज, जुनी शिल्लक. त्याच्या व्याजावर कर कापला जातो, आणि शिल्लक परदेशी न्यायची तर कर भरल्याची कागदपत्रं देऊन वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत नेता येते. एनआरई म्हणजे परदेशातून आणलेला पैसा. तो हवा तेव्हा, हवा तितका परत नेता येतो आणि त्याच्या व्याजावर भारतात कर नाही (जर्मनीत मात्र जगभरच्या उत्पन्नाचा हिशेब द्यावा लागतो, तेव्हा फार खूश होऊ नका). थोडक्यात, जो पैसा पुन्हा इकडे लागू शकेल तो एनआरईत. नाहीतर पुन्हा 'मी कोण' हा तात्त्विक प्रश्न आहेच.

मग बाबांचे पैसे परत करायचे म्हणून त्यांना म्हटलं, नक्की किती झाले ते सांगा. ते म्हणाले राहू दे. मी मागे लागलो. शेवटी त्यांनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. आमच्या घरी अजून हिशेबाची वही आहे, लाल कापडी पुठ्ठ्याची. त्यात तारीख, ३,००० युरो, भाव, फी, दोन्ही जीएसटी, सगळं टाकाने काढल्यासारख्या अक्षरात. आणि खाली एक ओळ, जी मला कुणी सांगितली नव्हती. 'मुदतठेव मोडली, व्याज कमी: २,८६०.'

ठेव मुदत संपायला दोन महिने होते. ती निवृत्तीच्या पैशातली होती.

मी ते २,८६० माझ्या हिशेबात मिळवले. ९,२०३ रुपये. तीन टक्क्यांच्या वर. म्हणजे दोन टक्क्यांत पैसे आले हे मी सगळ्यांना ऐटीत सांगत होतो, ते खोटंच होतं. एटीएमने आपली किंमत भावात लपवली होती. बाबांनी आपली वहीत. आणि मी दोन्ही वेळा फक्त 'शुल्क' हा रकाना वाचला.

आणखी एक. ती सगळी नोंद त्यांनी 'येणे' या सदरात लिहिलेली नव्हती. 'घरखर्च' या सदरात होती. दूध, वीज, आणि मग मी.

आता कुणी नवीन मुलगा-मुलगी निघताना मला विचारतात, तेव्हा कुकरची शिट्टी वगैरे मी सांगत नाही. सांगतो ते एवढंच. निघण्याआधी शून्य मार्कअपचं एक कार्ड काढून ठेवा, हल्ली मिळतात, आणि ते परदेशी वापरासाठी चालू करून घ्या. २०२० पासून नवीन कार्डं फक्त देशातल्या वापरासाठीच चालू होऊन येतात. दुसरं कार्ड दुसऱ्या बँकेचं असू द्या, एक अडकलं तर. क्रेडिट कार्डावर रोख काढू नका, व्याज त्याच दिवसापासून लागतं. सिम सोबत आणा. खातं बदलायचे कागद इथूनच विचारून या. आणि पैसे कुणाहीकडून, कशानेही पाठवा, एकच प्रश्न विचारा की, माझ्या खात्यातून सगळं मिळून इतके रुपये गेले, तर तिकडे नक्की किती युरो पडतील? फी किती हे विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी छान असतं.

गेल्या नोव्हेंबरात, २०२५ मध्ये, रिझर्व्ह बँकेने यूपीआय युरोपच्या टिप्स या तत्काळ पेमेंटच्या यंत्रणेला जोडण्याचं काम पुढच्या टप्प्यात नेत असल्याचं जाहीर केलं. इंजिनियर म्हणून मला त्याचं फार कौतुक आहे. इकडे युरो दहा सेकंदांत एका देशातून दुसऱ्या देशात जातात, तिकडे रुपया तितक्याच वेळात जातो, मधला खड्डा तेवढा भरायचा आहे. तो भरला की माझ्या या पाल्हाळाला काही अर्थ उरणार नाही. उरू नये.

बाबांना पैसे परत केले. घ्यायला तयार नव्हते, म्हणून त्यांच्या नावाने पुन्हा मुदतठेव करायला लावली, २,८६० धरून. वहीत ती नोंद कुठल्या सदरात गेली ते मी विचारलं नाही.

ओटीपी आता माझ्या जर्मन नंबरवर येतो, बाबांना वाचावा लागत नाही. पण ती सवय त्यांना लागलीये. रविवारी फोन केला की आधी युरोचा भाव सांगतात. परवा म्हणाले, "एकशे तीन रुपये, एकोणऐंशी पैसे."

"एकोणऐंशी म्हणजे सेव्हंटी नाइन," मी म्हटलं.

"मग? दुसरं काय असणार?" बाबा म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.